विंचू, डोंगरवाडी आणि एक गोळी

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाडीवर लाल विंचू चावला, की पहिली अडचण अंतराची. घर वर, रस्ता खाली. रुग्णाला झोळीतून उतरवायचं. त्याआधी मंत्र-अंगाऱ्यात वेळ जातो. तोवर दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, फुफ्फुसात पाणी भरतं.

१९७६मध्ये याच भागातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे मृत्यू जवळून पाहिले. रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी त्यांनी या रुग्णांना दिली. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीसेक दगावत. ते प्रमाण एकावर आलं! हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

गोळी स्वस्त आहे. ती वाडीजवळच्या प्रत्येक केंद्रात असायलाच हवी. आणि विंचू चावला, तर घरी थांबू नका. थेट दवाखाना गाठा.