यंत्रांतील दोन घड्याळें



१९०६ सालीं हिंदुस्थानची प्रमाण वेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरांत तिच्या ३९ मिनिटें मागें असणारी मुंबईची वेळहि १९५५ पर्यंत चालू राहिली. दोन्ही घड्याळें बिनचूक चालत; परंतु कोणतें घड्याळ कोणती वेळ दाखवितें हें ज्यास ठाऊक नसे, त्याची फसगत होई. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पोटांत आजहि हाच प्रकार घडतो.

एका कुटुंबाची कल्पना करा. आजीबाईंना रात्रीं ८ वाजतां हृदयविकाराची गोळी घ्यावयाची असते, आणि तिची आठवण संगणकाची घंटा करून देते. एके दुपारीं अडीच वाजतां संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तों ती घंटा वाजली! आजीबाईंनीं पाण्याचा पेला हातीं घेतलाहि होता; खिडकींतलें ऊन पाहून त्या थबकल्या, म्हणून बरें झालें.

हें कसें घडलें? संगणकांत दोन घड्याळें असतात. एक मदरबोर्डवरचें, संगणक बंद असतांहि तें नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीवर चालत राहतें. दुसरें प्रणालीचें, तें संगणक सुरू असेपर्यंतच जगतें. सुरू होतांना दुसरें पहिल्यास वेळ विचारतें. लिनक्स सामान्यतः असें धरून चालते कीं, पहिल्या घड्याळांत जागतिक वेळ आहे. विंडोज मात्र तेथें स्थानिक वेळ ठेवते. त्या घरीं सकाळीं नातवानें त्याच संगणकावर विंडोज चालविली होती. दुपारीं लिनक्सनें स्थानिक अडीच वाजल्याची नोंद जागतिक वेळ समजून वाचली, तींत ५ तास ३० मिनिटें मिळविलीं, आणि रात्रीचे ८ झाले! एरवीं इंटरनेटवरून खरी वेळ मिळतांच ही चूक आपोआप दुरुस्त होते. त्या दुपारीं इंटरनेट बंद होतें.

तेव्हां प्रथम चूक मोजावी. तिच्या आकारावरून कारण कळतें. घड्याळ बरोबर साडेपांच तास पुढें असेल, तर ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा द्यावी. तींत ‘आरटीसी’ म्हणून दाखविलेली वेळ मनगटावरच्या घड्याळाशीं जुळली, तर वरील तंटाच कारण होय. साडेपांच तास मागें असेल, तर टाइम झोनची ओळ पाहावी. तेथें एशिया-कोलकाता हवें.

तंटा मिटविण्यास दोन्ही प्रणालींनीं जागतिक वेळ मानावी हें उत्तम. इंटरनेट जोडून लिनक्सची वेळ बरोबर होऊं द्यावी. मग व्यवस्थापकाच्या अधिकारानें ‘एचडब्ल्यूक्लॉक’ ही आज्ञा ‘सिसटूएचसी’ या पर्यायासह देऊन ती मदरबोर्डच्या घड्याळांत उतरवावी. विंडोजच्या रजिस्ट्रींत टाइम-झोनच्या माहितींत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ या नोंदीस १ ही किंमत द्यावी. हें न केल्यास तंटा पुन्हा उपस्थित होईल.

चूक तासांची नसून वर्षांची असेल, तर बॅटरी संपली असें बहुधा समजावें. अशा वेळीं बँकेचें पान उघडत नाहीं. कारण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत, संगणकाच्या मतें, अद्याप सुरूच झालेली नसते! वीजपुरवठा तोडून त्याच क्रमांकाची, बहुधा सीआर२०३२ ही बॅटरी बसवावी. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या छोट्या संगणकांत मात्र मुळीं हें घड्याळच नसतें. तेथें बंद करतांना टिपलेल्या वेळेपासूनच मोजणी पुन्हा सुरू होते, व इंटरनेट मिळेपर्यंत ती मागेंच राहते. बॅटरीवर चालणारें निराळें घड्याळ जोडणें हाच तेथील उपाय.

त्या घरीं आतां दोन्ही प्रणालींचें एकमत झालें आहे. तरीहि आजीबाई घंटा ऐकल्यावर आधीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात, आणि मगच गोळी घेतात. ती संवय सोडण्याचें कांहीं कारण नाहीं.