एक गाडी, दोन कागद

शिरगावच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे रेसच्या गाडीसारखी दिसणारी, चाळीसेक लाखांची गाडी. गटात सांगितलं तेव्हा एक काकी म्हणाल्या, "आपण पाट्या मांडीवर घेऊन रिक्षाने पालघरला जातो, आपल्याला काय त्या गाडीचं?" तर काकी, त्या गाडीची गोष्ट आम्हाला जुना टेम्पो घेताना आठवली. म्हणून सांगतो.

दिलीप छाब्रिया हे नाव तुमच्या मुलांना विचारा. मुंबईचा माणूस. साध्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांचं रूप पार बदलून टाकायचं, हा त्यांचा धंदा. मोठमोठे नट त्यांच्याकडून गाड्या आणि व्हॅनिटी व्हॅन बनवून घेत. २००४ च्या 'टारझन द वंडर कार' सिनेमातली ती आपोआप धावणारी जांभळी गाडी आठवते? तीही त्यांच्याकडेच तयार झालेली.

पण ते सगळं दुसऱ्याच्या गाडीला नवा साज चढवणं झालं. २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी स्वतःची गाडी आणली, 'अवंती'. दोनच माणसं बसणार, इंजिन सीटच्या मागे, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. भारताची स्वतःची सुपरकार म्हणून पेपरांत फोटो झळकले. इंजिन रेनॉ कंपनीचं होतं, पण रूप आपल्याकडचं, आणि कारखाना पुण्याकडे. आपल्या मातीतही असं काही होतं, याचं लोकांना कौतुक वाटलं. आम्हालाही वाटलं, खोटं कशाला बोला. मागवलेल्या गाड्या लोकांच्या हातात पडायला मात्र पुढे बराच वेळ गेला.

मग आला डिसेंबर २०२०. नंबरप्लेट बनावट असल्याच्या संशयावरून मुंबई पोलिसांनी एक अवंती पकडली. मालकाने कागद दाखवले, नोंदणी चेन्नईची. तपासात निघालं की तोच इंजिन नंबर आणि तोच चॅसी नंबर असलेली दुसरी गाडी हरियाणात नोंदलेली आहे. महिना संपायच्या आत छाब्रियांना अटक झाली. पोलिसांचा आरोप असा, की कंपनी आपल्याच गाड्यांची गिऱ्हाईक बनून वित्त कंपन्यांकडून कर्ज उचलायची आणि मग तीच गाडी दुसऱ्याला विकायची. एकेका गाडीवर सरासरी ४२ लाखांचं कर्ज, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पण ज्या नावाने माणसं खूश व्हायची, ते नाव एका महिन्यात पोलिसांच्या कागदावर गेलं.

आता चॅसी नंबर म्हणजे काय? म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना, बारा आकड्यांचा, तसाच हा गाडीचा बिल्ला. सतरा अक्षरं-आकडे, गाडीच्या लोखंडातच ठोकलेले. एका नंबरची एकच गाडी. एकाच बिल्ल्याच्या दोन म्हशी दोन गोठ्यांत दिसल्या, तर तुम्ही काय म्हणाल?

हसू नका, आमच्याकडेही असं झालंय. काही वर्षांपूर्वी एका गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज दिलं. त्याच मशीनचं बिल दाखवून त्या बाईने दुसरीकडूनही कर्ज काढलेलं. नवऱ्याचं आजारपण होतं, तिच्यावर राग तरी किती धरायचा! पण दोन हप्ते एका मशीनवर निघेनात. बाकीच्या नऊ जणींनी आपल्या बचतीतून ते फेडले. त्यातल्या एकीच्या मुलीची फी त्या वर्षी उशिरा भरली गेली. आणि मशीनवरचा नंबर बिलाशी ताडून पाहायचं काम आमचं होतं. आम्ही बिल पाहिलं, चहा प्यायलो, सही केली.

म्हणून गेल्या महिन्यात भाजी आणि मासळी नेण्यासाठी जुना टेम्पो बघायला गेलो, तेव्हा पिशवीत पेन्सिल आणि पातळ कागद होता. चॅसीवरच्या नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे आपोआप उमटतात. आरटीओच्या कामातही असाच ठसा घेतात. नंबर बरोबर जुळला. विकणारा भाऊ म्हणाला, "झालं ना ताई समाधान?"

झालं नव्हतं. आरसी बुकावर एका वित्त कंपनीचं नाव होतं. म्हणजे टेम्पोवर कर्ज. "ते कधीच फिटलंय, नाव तेवढं राहिलंय," भाऊ म्हणाला. असेलही तसं. पण फिटलं असेल तर कंपनी ना-हरकत दाखला देते, फॉर्म ३५ वर सही-शिक्का देते, आणि आरटीओत ते नाव निघतं. आम्ही म्हटलं, नाव काढून आणा, पैसे तयार आहेत. त्यावर दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, संध्याकाळी येणार, असं सगळं ऐकवून झालं. आमच्यातल्या दोघी जरा डळमळल्याही, कारण टेम्पो खरंच चांगला होता आणि रंग नवा होता. तरी इसाऱ्याचे दहा हजार पर्समध्ये तसेच ठेवून रिक्षाने परत आलो.

त्या भावाचे त्यानंतर दोन फोन आले. कागद अजून आलेला नाही. पाट्या सध्या रिक्षानेच जातायत, आणि पालघरचा दुसरा एक टेम्पो रविवारी बघायला जायचंय. पेन्सिल काकींकडे दिली आहे.