परतीची वेळ
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गेली अनेक वर्षे माझे वास्तव्य लखनौच्या जानकीपुरममध्ये आहे. तिथे चहूकडे सपाट भूमी; चढ असलाच तर उड्डाणपुलाचा किंवा घराच्या जिन्याचा. अशा ठिकाणाहून आलेल्या बाईने सह्याद्रीच्या लेकरांना गडवाटांविषयी सांगावे, हे धाडसच. परंतु महोत्सवानिमित्त आपण सहकुटुंब लोहगडावर जाणार आहोत आणि त्याची आखणी आपण माझ्यावर सोपवली आहे. ती मांडण्यापूर्वी दोन आठवणी सांगते.

नववीत असताना शाळेची सहल लोहगडावर गेली होती. विंचूकाटा म्हणजे गडाची विंचवाच्या नांगीसारखी लांबवर गेलेली चिंचोळी माची. तिच्या मध्यावर भूगोलाच्या सरांनी घड्याळ पाहिले आणि सर्वांना माघारी वळवले. टोक तर समोर दिसत होते! आम्ही रुसलो, परतीच्या लोकलमध्ये सरांशी कुणी बोललेही नाही.

तीन वर्षांपूर्वी मुलीला आणि भाचीला घेऊन मी तिथेच गेले. राहिलेले टोक गाठायचेच होते. हिशेब मात्र जानकीपुरमचा केला: सकाळी सात किलोमीटर दीड तासात चालते, तेवढ्याच वेळात गड चढेन. अंतर मोजले, उंची मोजली नाही. टोकावर पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. उतरताना भाचीचा पाय मुरगळला आणि पायऱ्यांवरच अंधार पडला. मोबाईलच्या उजेडात तिला धरून उतरवताना माझी मुलगी घाबरून मुकाट झाली होती. त्या रात्री मला सरांचे घड्याळ आठवले. सरांनी आमचा आनंद हिरावला नव्हता. आम्हाला सुखरूप घरी आणले होते.

म्हणून यावेळची आखणी मी संध्याकाळपासून मागे करत आले आहे. दिवस डिसेंबरमधला आहे; सूर्यास्त सहाच्या सुमारास. पाच वाजता आपण मळवली स्थानकावर परतलेले असू. त्यासाठी तीनपूर्वी लोहगडवाडी सोडायची, त्याआधी तिथे पिठले-भाकरीचे जेवण, आणि त्यासाठी साडेबारा वाजता, आपण जिथे असू तिथून, मागे फिरायचे.

आता जाण्याचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा दिला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. मळवली ते माथा सुमारे सात किलोमीटर, चढ सुमारे चारशे मीटर. हिशेबाने दोन तास होतात. पण तो धडधाकट गड्याचा वेग झाला. आपल्यात सात वर्षांची नातवंडे आहेत, सत्तरीचे आजोबा आहेत. म्हणून मी तीन तास धरले आहेत. मळवलीहून साडेसातला निघून गायमुख खिंडीमार्गे साडेदहाला माथा, आणि मग विंचूकाटा. माचीवर उतरण्याचा छोटा कातळटप्पा आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी माथ्यावरूनच पवनेचा जलाशय, तुंग आणि तिकोना पाहावेत. त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक मोठ्याने तीन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट आणि एक विजेरी आणावी. दिवसाचा बेत असला तरी आणावीच. सर्वांत सावकाश चालणारा पुढे राहील आणि एक अनुभवी माणूस सर्वांच्या मागे. केलेला कचरा आपल्याच पिशवीतून खाली येईल. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक आहे.

पालकहो, साडेबारा वाजता एखादे मूल रुसेल. त्याला टोक दिसत असेल आणि मी शिट्टी वाजवत असेन. त्या वेळी कृपया त्याची बाजू घेऊ नका. त्याचा हात धरा आणि सांगा, गड इथेच आहे, आपण पुन्हा येऊ.

सरांना हे सांगायचे माझे राहून गेले. आज त्यांच्याच शाळेत, तुम्हा सर्वांसमोर, त्यांची क्षमा मागते आणि त्यांचे आभार मानते.