खेळांतल्या आगगाडीची जुनी मोटार



विजेवर चालणारी जुनी खेळांतली आगगाडी कपाटांतून निघाली आणि रुळांवर हलेना, म्हणजे मंडळी दोन सल्ले देतात : टाकून द्या, नाहीं तर नवी मोटार बसवा. माझ्या मतें दोन्ही सल्ले घाईचे आहेत. नव्या मोटारीनें गाडी धांवेल. पण जुनीची ती घरघर जाईल, आणि ती गेली तर अर्धी मौज गेली. बहुधा हवा असतो एखादा लहानसा भागच.

इंग्लंडांतील ट्राय-अँग कंपनीची 'एक्स ०४' ही मोटार घ्या. १९५४ पासून या गाड्यांचा कारखाना मार्गेट येथें होता. कारखान्यानें 'जिंटी' या लहानग्या शंटिंग इंजिनांत हीच मोटार घातली आणि 'ब्रिटानिया' या डौलदार एक्स्प्रेस इंजिनांतहि हीच. ही काटकसर आज आपल्या पथ्यावर पडते. रंग उडालेलें, चाकें मोडलेलें इंजिन स्वस्तांत मिळालें, तर त्याच्या पोटांतील मोटार दुसऱ्यास उपयोगी पडते. कार्बनचे ब्रश आणि स्प्रिंगा तर आजहि नव्या मिळतात.

मात्र आधीं दोष ओळखावा. फिरत्या आर्मेचरवर तांब्याच्या तीन पट्ट्या असतात. त्यांतील दोन-दोन पट्ट्यांमधील विद्युत्‌रोध मीटरनें मोजावा. तिन्ही आंकडे सारखे आले तर वेटोळीं शाबूत आहेत असें समजण्यास हरकत नाहीं. मग ब्रश दाबून धरणारी स्प्रिंग पाहावी. तिच्या एका बाहूवर विद्युत्‌रोधक नळी असते. साफसफाईंत ती हटकून केरांत जाते. मग वीज वेटोळ्यांत न शिरतां सांगाड्यांतून परस्पर निघून जाते, आणि दोष मात्र बिचाऱ्या आर्मेचरवर येतो!

मोटार तापते, वीज फार खाते, पण डबे ओढीत नाहीं, अशी तक्रार असेल तर लोहचुंबक क्षीण झाला असण्याचा संभव आहे. त्याला पुन्हां चुंबकत्व देतां येतें, किंवा निओडिमियमचा नवा चुंबक बसवितां येतो. आर्मेचर बाहेर काढतांना चुंबकाच्या ध्रुवांना लोखंडाचा तुकडा जोडून ठेवावा. एरव्हीं दुरुस्तीच्या भरांत त्याचें बळ कमी होतें.

'एक्स ०३' ही मोटार अगदी अशीच दिसते, परंतु तिच्या दंडावरील मळसूत्राचे आटे निराळे आहेत. ती घेणार असाल तर तिच्या जोडीचें दांतेरी चाकहि मागून घ्या.