वही राखली तर वारी राहील

(दिंडीच्या शतक महोत्सवात काल्याच्या आदल्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विणेकरी, टाळकरी, तुळस घेऊन चालणाऱ्या मायमाउल्या आणि गावोगावहून आलेले सज्जनहो, आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. आज कौतुक पुष्कळ झाले. आम्ही जरा वेगळे बोलणार आहोत. सरकार कलेला पैसा देते तो कसा देते, आणि तो आपल्या माणसापर्यंत का पोहोचत नाही, हा आमचा विषय. काल्याच्या मांडवात सरकारी योजना कशाला, असे कुणी म्हणेल. पण ऐका.

आपल्या दिंडीत एक मृदंगवाले बाबा होते. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीसच्या वर वाऱ्या त्यांनी मृदंग गळ्यात घालून केल्या. म्हातारपणी बोटे चालेनात. शेत तर भावकीतच गेलेले. तेव्हा कुणीतरी सांगितले, वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देते, अर्ज करा. बाबांनी केला. कचेरीतून विचारणा आली, पंधरा वर्षे कला केल्याचा पुरावा आणा. बाबा म्हणाले, "माझा पुरावा पंढरीचा वाळवंट." पण वाळवंटाचा दाखला फायलीला लागत नाही. अर्ज पडून राहिला, आणि गेल्या कार्तिकीनंतर बाबाही गेले.

ही योजना खोटी नव्हे, बरं का. 1954-55 पासून ती चालू आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचा कलावंत अशा तीन श्रेणी होत्या, रक्कमही वेगवेगळी होती. 2024 मध्ये श्रेणीभेद काढून सर्वांना महिना 5000 रुपये केले. वय पन्नासच्या वर हवे, कलेची पंधरा वर्षांची सेवा हवी, वर्षाचे उत्पन्न 60,000 च्या आत हवे. जिल्ह्याची समिती अर्ज पाहते आणि वर्षाला ठरावीक कलावंत निवडते. पैसा सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून खात्यावर येतो. कलावंत गेला तर त्याच्या जोडीदाराला मानधन चालू राहते. पण मुळात मंजूरच झाले नसेल, तर मागे राहिलेल्या बाईला काय मिळणार? आपल्या बाबांच्या घरी तेच झाले.

आम्हालाही आधी राग आला. मग शांतपणे विचार केला. हा पैसा कुणा साहेबाच्या खिशातला नाही. तुम्ही काडेपेटी घेता, डिझेल घेता, त्यावर कर भरता, तो तिजोरीत जातो. विधिमंडळ त्याला मंजुरी देते, मग खाते, मग संचालनालय, मग जिल्हा, असा तो खाली येतो. पायरीपायरीवर हिशेब मागणारा बसलेला असतो. कागद मागणे चूक नाही. ज्याचे आयुष्य कागदावर कधी आलेच नाही, त्याला तो मिळवून द्यायला कुणी नाही, ही चूक आहे. आणि मंडळी, त्या चुकीत आपणही वाटेकरी आहोत. शंभर वर्षांत दिंडीने भिशीचा हिशेब पैशापैशाने लिहिला. पण मृदंग कोण वाजवत होते, चाल कोण सांगत होते, हे कुठेच लिहिले नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. तुकोबारायांची मोठी छापील गाथा 1869 मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. त्यासाठी त्या वेळच्या इंग्रज सरकारने 24,000 रुपये दिले होते. पण नुसत्या पैशाने गाथा झाली का? देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या घराघरांत जपलेल्या हस्तलिखित वह्या पंडितांनी समोर ठेवल्या, तेव्हा ती झाली. पुढे आपल्या राज्याने 1960 मध्ये ज्ञानेश्वरी काढली, 1970 मध्ये नामदेवरायांची गाथा काढली. त्यामागेही कुणीतरी जपलेल्या पोथ्याच होत्या. सरकार छपाईचा खर्च देऊ शकते. वही राखायची ती आपणच.

आता दुसरी गोष्ट, तिच्यावरून आपल्यातच वाद झाला. 2024 पासून आषाढीच्या दिंड्यांना 20,000 रुपये अनुदान सुरू झाले. काही वारकऱ्यांनी ते नको म्हटले. आपल्यातलेही म्हणाले, "तुकोबांनी राजाचा नजराणा परत केला, आपण हात पसरायचा?" दुसरे म्हणाले, "पाण्याचा टँकर फुकट येतो का?" दोघांचेही खरे आहे. हैबतबाबांच्या सोहळ्याला अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू आलेच की! पण त्यामुळे वारी सरदारांची झाली नाही, माउलींचीच राहिली. म्हणून आम्हाला वाटते, घ्यायचे तर उघड घ्यावे. पैसा पाणी, औषध आणि बायकांच्या आडोशाला लावावा. हिशेब मुक्कामाच्या तंबूवर चिकटवावा. भिशी एका रुपयानेही कमी करू नये. आणि आपल्या पताकेखाली कुणाचा फोटो येऊ देऊ नये. अनुदान एखाद्या वर्षी आले नाही तरी दिंडी त्याच दिवशी, त्याच वेळी निघाली पाहिजे.

तर शताब्दीचे आमचे मागणे एवढेच. उद्यापासून दिंडीत एक वही ठेवा. मृदंगी, विणेकरी, कीर्तनकार, गवळण म्हणणाऱ्या बाया, सगळ्यांची नावे, गाव, कोणत्या सालापासून सेवा, हे लिहा. दर सप्ताहाची पत्रिका जपा, फोटोमागे तारीख घाला, ग्रामपंचायतीचा दाखला वेळेवर काढा. शाळा शिकलेल्या पोरांनो, हे काम तुमचे. एकेका म्हाताऱ्याचा अर्ज स्वतः भरा, सोबत कचेरीत जा. मानधन मंजूर झाले तर वर्षाला हयातीचा दाखलाही लागतो, तेव्हाही त्यांच्याबरोबर जा. वारीत आपण थकलेल्याची पडशी उचलतो, तशी ही फाईल उचला.

मृदंगवाल्या बाबांना आपण काही देऊ शकलो नाही. त्या वहीचे पहिले पान त्यांच्या नावाने लिहा. दुसऱ्या पानावर जे आहेत, ते अजून आपल्यात बसले आहेत. त्यांना उशीर होऊ देऊ नका.

बोला, रामकृष्ण हरी!