नाव विचारलं की पूर्ण नाव सांगा

(परभणी येथे नोकरीच्या शोधात असलेल्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या गावाबद्दलची जुनी म्हण तुम्हाला ठाऊक आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. बाहेर जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. म्हण गमतीची आहे, पण मुलाखत देऊन दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परत येणारी पोरं पाहिली की मला हसू येत नाही. मी बावीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात भरतीच्या टेबलामागे बसलो. समोर बसणाऱ्यांत मराठवाड्याची पोरं भरपूर असायची. कोण लागला, कोण राहिला आणि का, हे तिथून जसं दिसलं तसं सांगतो.

आधी कडू गोष्ट बोलून टाकू. मुसलमान नाव पाहून अर्ज बाजूला पडतो का? पडतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. २००७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. सरकारी नोकरीत संविधानाचं कलम १६ धर्मावरून भेदभाव करू देत नाही. खासगी कंपनीला ते कलम लागू नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला होता, त्याची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण ती लढाई तुम्हाला एकट्याने मुलाखतीच्या खोलीत जिंकता येणार नाही. आणि ‘आपल्याला कोण घेतंय’ म्हणून अर्जच न करणं म्हणजे त्यांचं काम आपणच करून देणं.

मग नाव लपवायचं का? शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख. वडील रिक्षा चालवायचे. पुण्यात खोली मिळेना तेव्हा त्यांनी ‘शुभम’ असं नाव सांगितलं होतं, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. २०१६ च्या निकालात ते एकविसाव्या वर्षी यूपीएससी पास झाले, क्रमांक ३६१. खोलीसाठी शुभम झालेल्या पोराला मी नावं ठेवणार नाही. नोकरीत मात्र हे चालत नाही. मार्कशीट, आधार, बँक, पीएफ सगळीकडे एकच माणूस दिसावा लागतो.

आणि इथेच आपली अर्धी पोरं अडकतात. दहावीच्या सनदेवर ‘शेख मोहम्मद’, आधारवर ‘शे. मो.’, बँकेत आडनाव शेवटी, इंग्रजीत शेखचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. निवड झालेला मुलगा कागद तपासताना थांबतो, आणि तोवर यादीतला पुढचा आत जातो. दहावीची सनद पाया धरा, बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. सनदच चुकली असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करा. नाव खरोखरच बदलायचं असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. हे निवड झाल्यावर करायचं काम नाही, या महिन्यात करायचं आहे.

तसंच जातीच्या दाखल्याचं. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी त्यासाठी चळवळ उभी केली. पण टी.सी.वर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलं असेल तर दाखला अडतो. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वाडवडिलांचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढा, जुने महसुली कागद शोधा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, जुन्या नोंदी उर्दूत सापडतात. घरातल्या उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन जा, तहसीलमध्ये त्यांच्याइतका उपयोगी माणूस तुम्हाला मिळणार नाही!

आता पैसे मागणाऱ्यांबद्दल. ‘रेल्वेत इंटरव्ह्यूची सेटिंग करून देतो’ म्हणणारा भेटला तर एवढंच लक्षात ठेवा, १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. जी मुलाखतच नाही तिची सेटिंग कसली? आपल्या पोलीस शिपाई भरतीतही मुलाखत नाही. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. त्या लेखीत मराठी व्याकरण असतं, आणि उर्दू शाळेतून आलेली, मैदानावर सगळ्यांच्या पुढे पळणारी मुलं तिथे मार खातात. रोज एक मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, दहा ओळी हाताने लिहा. मराठी काही परकी भाषा नाही, बाजारात दिवसभर तीच बोलतो आपण. फक्त लिहायचा सराव नाही.

आता खासगीतल्या मुलाखती. एका मुलाला मी विचारलं, अनुभव काय? म्हणाला, ‘काही नाही सर.’ नखांत ग्रीस होतं. खोदून विचारलं तर कळलं, आठवीपासून मामूंच्या गॅरेजवर बसतो, मोटारसायकलचं इंजिन एकटा खोलतो आणि बसवतो. याला तो अनुभव म्हणतच नव्हता! पगाराची पावती नाही म्हणजे काम नाही, असं आपल्या डोक्यात बसलंय. बाबांनो, सांगा. पण नुसतं ‘गॅरेजचं काम येतं’ म्हणू नका. कोणत्या गाड्या, दिवसाला किती, कोणतं काम स्वतः करता आणि कोणतं मामूंना विचारून, हे सांगा. तुराबुल हक दर्ग्याच्या उर्सात खेळण्यांचं दुकान लावत असाल तर माल कुठून आणला, किती उरला, उधारी कशी वसूल केली हे सांगा. दुकानात किंवा गोदामात माणूस घेणाऱ्याला हेच ऐकायचं असतं.

येत नसेल ते ‘माहीत नाही’ म्हणा. फिटरच्या पोराला व्हर्नियरचा लीस्ट काउंट हमखास विचारतात. ०.०२ मिलीमीटर हे पाठ करून येतात, पण कसा काढला विचारलं की गप्प. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर समोरच्याला लगेच कळतं.

‘शुक्रवारी सुट्टी लागेल का?’ हा प्रश्न येईल. चिडू नका, व्याख्यानही देऊ नका. ‘जेवणाच्या सुट्टीत जाऊन येईन, शिफ्ट आडवी आली तर सुपरवायझरशी बोलून ठरवू,’ एवढं पुरतं. पण कुणी धर्मावरून टोमणेच मारू लागला तर ‘कामाबद्दल विचारा’ म्हणा, आणि नाही थांबला तर उठून या. ती नोकरी तुम्हाला रोज तेच ऐकवणार आहे. मुलींना ‘लग्न झाल्यावर काय?’ विचारतात. ‘नोकरी करायला आले आहे, करणार आहे,’ आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. मुलीसोबत आलेल्या अब्बांना विनंती, गेटबाहेर थांबा. उत्तरं ती देईल.

शेवटी तुम्हीही विचारा. कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या? पीएफ कापणार का? हातात किती येणार? नेमणुकीचं पत्र कधी? यात उद्धटपणा काही नाही. मूळ कागद दाखवा, पण जमा करू नका. नोंदणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

माझं झालं. आता प्रश्न विचारा. कागदांची पिशवी ज्यांनी आणली आहे त्यांनी पुढच्या टेबलाशी या, नावात फरक असलेल्यांनी आधी.