जनावराचा माज ओळखावा कसा?



शाळामास्तर म्हशीवर बोलायला उभा राहिला, ह्याचे कोणाला हसू येईल. परंतु आपला ट्रस्ट गरजू कुटुंबांना दुभते जनावर घेण्यास साहाय्य करतो. आणि ते जनावर वेळेवर गाभण राहिले नाही, तर ते साहाय्य गोठ्यात उभे राहून नुसता कडबा खाते. म्हणून हा विषय घेतला.

गाय साधारणपणे २१ दिवसांनी माजावर येते. १८ ते २४ दिवसांत केव्हाही. माज टिकतो मात्र १२ ते १८ तास. तेवढ्यात लक्ष गेले नाही, की पुढची संधी तीन आठवड्यांनी. दुसरे जनावर अंगावर चढले असता जी गाय न हलता उभी राहते, ती माजावर आहे, ही सर्वांत खरी खूण. मागून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो. शेपटीला रक्ताचा डाग दिसला की पुष्कळजण धावपळ करतात. पण गाईच्या बाबतीत तो डाग बहुधा माज उलटून एक-दोन दिवस झाल्याचा असतो. त्या दिवशी रेतन करणे व्यर्थ. तारीख मात्र लिहून ठेवावी.

म्हशीचे प्रकरण अवघड. तिचा माज पुष्कळदा मुका असतो, उन्हाळ्यात तर विशेषच. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक म्हैस होती. व्यायल्याला वर्ष उलटले तरी ती ओरडली नाही, म्हणून 'वांझ झाली' असे ठरवून अब्बांनी ती पडेल भावाने विकली. घेणाऱ्याकडे दिवाळीनंतर ती गाभण राहिली! तेव्हा अम्मा सहज म्हणाली, "वीस-बावीस दिवसांनी ती एखादा दिवस दूध चोरायची, धारेला पाय झाडायची, सारखी थोडे थोडे मुतायची. मला वाटले, तुम्हाला ठाऊक असेल." धार काढणारी ती, सौदा करणारे अब्बा, आणि तिला कोणी विचारलेच नव्हते.

यंत्रेही निघाली आहेत. माजावरची गाय अधिक चालते, हे पाऊले मोजणारे यंत्र पायाला बांधून १९७७ साली अमेरिकेत दाखवून देण्यात आले. आज मोठ्या गोठ्यांत तशी यंत्रे गळ्यात वा कानात असतात. दोन म्हशींच्या घरी ती कोण बांधणार? त्यापेक्षा लोंबता सोट काचपट्टीवर वाळवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. माजाच्या वेळी त्यातील क्षारांची नेच्याच्या पानासारखी सुरेख नक्षी उमटते. मुलांना ते पाहून फार मौज वाटते. तथापि केवळ नक्षीवर भिस्त ठेवू नये. इतर खुणाही जुळाव्यात.

म्हैस पुष्कळदा रात्री वा पहाटे माज दाखवते. म्हणून दिवस उजाडताच आणि रात्री निजण्यापूर्वी, ती बसलेली असताना, गोठ्यात एक फेरी मारावी. बसल्यावर पोटाच्या दाबाने सोट जमिनीवर पडलेला सापडतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा सर्वसाधारण नियम.

सभा संपल्यावर ज्या भगिनी स्वतः धार काढतात त्यांनी कृपया थोडे थांबावे. तारखांची वही कशी आखायची, ते मी फळ्यावर दाखवणार आहे.